'मूलोद्योगा'पासून 'श्रेयांका'पर्यंत : वाशीमकडील शालेय व्यवसायशिक्षणाचा पूर्वेतिहास

महाराष्ट्राच्या उच्च माध्यमिक शिक्षणक्रमात 'द्विलक्षी' हे विशेषण गेली चार दशके रूढ आहे. अकरावी-बारावीचा विद्यार्थी सामान्य शाखा न सोडता एखादा व्यवसायविषय घेतो व दोहोंचे गुण एकाच गुणपत्रिकेवर येतात, अशी ही व्यवस्था. मूळ इंग्रजी संज्ञेतील चष्म्याच्या दुहेरी भिंगाची कल्पना मराठीने घेतली नाही. 'लक्ष' म्हणजे अवधान आणि 'लक्ष्य' म्हणजे साध्य. बोलण्यात या दोन शब्दांचे उच्चार इतके जवळ येतात की 'द्विलक्षी' म्हणताना दोन्ही अर्थ मनात येतात. व्यवसायशिक्षणाच्या इतिहासात वादाचा खरा मुद्दा हाच होता. एकाच विद्यार्थ्याला दोन साध्ये ठेवता येतात काय, आणि एका विषयाचा अभ्यास दोन्हीकडे जमेस धरला जातो काय?

हा प्रश्न प्रथम स्पष्टपणे पुढे आला तो १८८२ च्या हंटर आयोगापुढे. हायस्कुलाच्या वरच्या वर्गांत दोन शाखा असाव्यात, एक विद्यापीठाच्या प्रवेशपरीक्षेकडे नेणारी व दुसरी व्यापारउदीम आणि तत्सम व्यवहारांसाठी, अशी शिफारस आयोगाने केली. जोतीराव फुले यांनी त्याच आयोगास दिलेल्या निवेदनात प्राथमिक शाळेत शेतीचे मूलभूत ज्ञान शिकवावे अशी मागणी केली होती. दोहोंतील फरक ध्यानात घेण्याजोगा आहे. फुले यांना शेतीचे ज्ञान सर्वांच्या शिक्षणात हवे होते. आयोगाने मात्र मुलांचीच विभागणी सुचविली. पालकांनी या दुसऱ्या शाखेकडे पाठ फिरविली, कारण मॅट्रिकच्या प्रमाणपत्राने कॉलेज आणि नोकरी असे दोन्ही मार्ग मोकळे होत, तर व्यावहारिक शाखेने एकच. वाशीम त्या काळी वऱ्हाडातील सहा जिल्ह्यांपैकी एका जिल्ह्याचे ठाणे होते. वाशीम, मंगरूळ व पुसद हे त्याचे तालुके. १९०५ च्या पुनर्रचनेत तो जिल्हा मोडला, पुसद यवतमाळकडे गेला व उरलेले दोन तालुके अकोल्यास जोडले गेले. जिल्ह्याचे ठाणे गेले की त्याच्या मागोमाग येणाऱ्या शिक्षणसंस्थाही दुसरीकडे जातात, हे निराळे सांगावयास नको.

वऱ्हाडाच्या दृष्टीने पुढचा प्रयोग सर्वांत महत्त्वाचा होय, कारण तो शेजारी वर्ध्यास झाला. २२ व २३ ऑक्टोबर १९३७ रोजी गांधीजींच्या अध्यक्षतेखाली तेथे राष्ट्रीय शिक्षण परिषद भरली आणि डॉ. झाकीर हुसेन समितीने तिच्या ठरावांना योजनेचे रूप दिले. सात वर्षांचे सक्तीचे शिक्षण, माध्यम मातृभाषा आणि केंद्रस्थानी एक हस्तोद्योग, हा तिचा गाभा. या हस्तोद्योगासाठी मराठीत 'मूलोद्योग' हा शब्द घडविला गेला, आणि तो मोठा अर्थपूर्ण आहे. त्यात उद्योग हा विषयांच्या यादीतील शेवटचा विषय नसून इतर सर्व विषय ज्यातून उगवावेत असे मूळ आहे. मध्यप्रांत व वऱ्हाडात रविशंकर शुक्ल यांनी याच सुमारास 'विद्यामंदिर' योजना पुढे आणली. शाळेस जमीन जोडून द्यावयाची व तिच्या उत्पन्नातून शिक्षकाचा निर्वाह चालवावयाचा, ही तिची कल्पना. नावातील 'मंदिर' या शब्दावरून मुस्लिम समाजात तिला तीव्र विरोध झाला. शिक्षणयोजनेचे भवितव्य तिच्या नावावरही अवलंबून असते, याचे इतके ठळक उदाहरण वऱ्हाडच्या इतिहासात दुसरे नसावे. १९३९ च्या नोव्हेंबरात काँग्रेस मंत्रिमंडळाने राजीनामा दिला आणि योजनेमागचे राजकीय बळ ओसरले.

तथापि नामांतराने सुटला नसता असा दोष निराळाच होता. सेवाग्रामला पुढे उत्तर-बुनियादी वर्ग निघाले, परंतु तेथून बाहेर पडणाऱ्या विद्यार्थ्यास विद्यापीठात प्रवेश मिळणे दुर्घट होते. सूतकताई, शेती, हिशेब, सफाई यांत त्याने वर्षे घालविली असली तरी त्या वर्षांची मोजणी विद्यापीठाच्या वहीत कोठेच होत नव्हती. हस्तोद्योगाला शिक्षणाचे मूळ मानणाऱ्या योजनेतील विद्यार्थीदेखील शेवटी हंटरच्या दुसऱ्या शाखेतील विद्यार्थ्याच्याच जागी येऊन उभा राहिला.

मुदलियार आयोगाच्या बहुउद्देशीय शाळा या भागात फारशा रुजल्या नाहीत. कोठारी आयोगाने (१९६४-६६) दहावीनंतरच्या विद्यार्थ्यांपैकी निम्मे १९८६ पर्यंत व्यवसायशिक्षणात असावेत असे उद्दिष्ट ठेवले. १९८६ च्या राष्ट्रीय धोरणाने तेच १९९५ पर्यंत पंचवीस टक्क्यांवर आणले. महाराष्ट्रात या धोरणाच्या अनुषंगाने १९८८-८९ पासून 'किमान कौशल्यावर आधारित' अभ्यासक्रम सुरू झाले. द्विलक्षी आणि किमान कौशल्य यांची तुलना बोधप्रद आहे. द्विलक्षीत एक भाषा व एक ऐच्छिक विषय यांच्या जागी दोनशे गुणांचा व्यवसायविषय येतो, विद्युत देखभाल, पीकशास्त्र किंवा दुग्धव्यवसाय. भौतिकशास्त्र व गणित राहतात, म्हणून अभियांत्रिकीचा दरवाजा उघडा राहतो. किमान कौशल्यात प्रात्यक्षिकाचा भार पुष्कळ अधिक आणि शिक्षण अधिक खरे, परंतु शास्त्रविषय गुणपत्रिकेवर नसल्याने विज्ञानाच्या पदवीचा मार्ग खुंटतो. ज्यात हात अधिक तयार होतो तेथे पुढची वाट अरुंद, आणि ज्यात वाट रुंद तेथे व्यवसायविषय बहुधा गुणांसाठीच घेतला जातो, अशी ही विसंगती आहे.

१ जुलै १९९८ रोजी वाशीम पुन्हा जिल्हा झाला. २०१८ साली त्याची गणना देशातील आकांक्षित जिल्ह्यांत झाली. सोयाबीन, तूर आणि कपाशी या कोरडवाहू पिकांवर जगणाऱ्या मुलखात पंपाची दुरुस्ती, यंत्रांची देखभाल, धान्याची प्रतवारी ही कामे घरोघरी माहीत आहेत. शाळेच्या दप्तरी ती जमा होत नाहीत. अमेरिकेत कनेक्टिकट विद्यापीठाने १९५५ सालीच शालेय विद्यार्थ्यास विद्यापीठाचा विषय शिकवून तो दोन्हीकडे जमेस धरण्याची पद्धत सुरू केली होती. भारतात २०१६ मध्ये औद्योगिक प्रशिक्षण संस्थांतील विद्यार्थ्यांना राष्ट्रीय मुक्त विद्यालयाच्या ठराविक परीक्षा देऊन दहावी-बारावीचे प्रमाणपत्र मिळविण्याची सोय झाली. २०२० च्या राष्ट्रीय शैक्षणिक धोरणानंतर, २०२३ मध्ये आलेल्या राष्ट्रीय श्रेयांक आराखड्याने शाळा, व्यवसाय व विद्यापीठ या तिघांना एकच माप दिले : बाराशे तासांचे अध्ययन म्हणजे चाळीस श्रेयांक.

'श्रेयांक' हा शब्द विद्यापीठीय मराठीने घडविला. खेड्यातील सहकारी सोसायटीत त्याच इंग्रजी शब्दाला 'पत' म्हणतात, आणि पत ही देणाऱ्याने नव्हे, घेणाऱ्याने मान्य करावी लागते. रिसोड किंवा मानोऱ्याच्या शाळेने विद्युत देखभालीचे श्रेयांक विद्यार्थ्याच्या खात्यावर जमा केले, तरी तंत्रनिकेतन वा महाविद्यालय ते कोणत्या विषयाच्या बदली धरील, की केवळ नोंदवून बाजूला ठेवील, हे त्या त्या संस्थेच्या प्रवेशनियमांतच ठरावयाचे आहे.