नळाच्या पाण्याचा वास

मागे आई-बाबा न्यू जर्सीला आमच्याकडे आले, तेव्हा पहिल्याच सकाळी आईने नळाचं पाणी तोंडाला लावलं आणि पेला खाली ठेवला. "अगं, आपल्या विहिरीत टीसीएल टाकल्यावर यायचा तसाच वास!" धाकट्याचे कान टवकारले. "आजी, टीसीएल म्हणजे?" "ब्लिचिंग पावडर रे. ग्रामपंचायतीचा माणूस बादलीत कालवून विहिरीत ओतायचा."

कपडे पांढरे करायची पावडर पिण्याच्या पाण्यात? त्याला हे काही पटेना. मग त्याला जी गोष्ट सांगितली तीच इथे लिहिते, कारण ती आपल्या जर्सी सिटीचीच आहे.

१९०४ पासून जर्सी सिटीला बूनटनच्या जलाशयातून पाणी मिळू लागलं. पण वरच्या गावांची घाण पावसाबरोबर नदीत उतरायची. करारात शुद्ध पाणी कबूल केलं होतं, म्हणून शहराने पाणी कंपनीला कोर्टात खेचलं. १९०८ मध्ये कोर्टाने कंपनीला उपाय करायला सांगितलं. कंपनीचे सल्लागार होते डॉ. जॉन लील. त्यांचे वडीलही डॉक्टर. सिव्हिल वॉरमध्ये जडलेल्या आमांशाने बरीच वर्षं भोगून ते गेले. लील यांनी गटारं बांधण्याऐवजी पाण्यात ब्लिचिंग पावडर घालायचं ठरवलं. जॉर्ज फुलर या इंजिनिअरने ९९ दिवसांत यंत्रणा उभी केली आणि २६ सप्टेंबर १९०८ ला ती सुरू झाली. लोकांना कुणी विचारलंसुद्धा नाही! आज कुणी असं करून बघावं.

पावडर पाण्यात विरघळली की हायपोक्लोरस आम्ल तयार होतं. जंतूंच्या अंगावर ऋण विद्युतभार असतो, त्यामुळे ऋणभारित कण त्यांच्यापासून लांब ढकलले जातात. या आम्लाच्या रेणूवर मात्र भारच नसतो. तो सरळ आत शिरतो आणि जंतूची विकरं ऑक्सिडेशनने निकामी करतो. लील यांचं प्रमाण किती? दहा लाख भाग पाण्याला अर्ध्या भागाहूनही कमी क्लोरीन.

पाणी गढूळ असेल तर मात्र चिखल आणि कुजका पालाच क्लोरीन खाऊन टाकतो. म्हणून आधी तुरटी. माझी आजी हंड्यात तुरटी फिरवायची, ते आठवतं. मातीचे बारीक कणही ऋणभारित. एकमेकांना ढकलत ते तरंगत राहतात. तुरटीतलं अ‍ॅल्युमिनियम तो भार मारतं, शिवाय त्याचा जेलीसारखा साका तयार होऊन कणांना कवेत घेत तळाशी बसतो. फुलर यांनी १९०२ मध्ये इथल्याच लिटल फॉल्सला बांधलेल्या गाळण केंद्रात आजीचीच तुरटी होती, फक्त मोठ्या हिशेबाने.

१९०९ मध्ये पुन्हा सुनावणी झाली. दोन लाख वस्तीच्या शहरात असा प्रयोग जगात कुठे झालाय का, असं वकिलांनी विचारलं. लील यांनी सरळ सांगितलं, कुठेही नाही. मग हे पाणी घरच्यांना द्याल का? बेधडक देईन, असं त्यांचं म्हणणं पडलं. १९१० मध्ये निकाल त्यांच्या बाजूने लागला. पुढे शहरामागून शहराने ही रीत उचलली, आणि गाळण व क्लोरीन मिळून अमेरिकेतला विषमज्वर हटला.

धाकटा तरी अडलाच, "पण विष ते विषच ना?" प्रश्न अगदी चुकीचा नाही. क्लोरीनची कुजक्या पाल्यातल्या द्रव्यांशी क्रिया होऊन क्लोरोफॉर्मसारखी रसायनं बनतात, हे १९७४ मध्ये उघड झालं. तेव्हापासून त्यांच्यावरही मर्यादा आल्या. पण म्हणून क्लोरीन बंद करा म्हणणाऱ्याने आधी कॉलऱ्याची साथ आठवावी, असं मला वाटतं.

आईने मात्र आपला उपाय शोधला. रात्री पातेल्यात पाणी काढून उघडं ठेवायची. सकाळपर्यंत क्लोरीन उडून जायचं आणि चहाला वास यायचा नाही.