कडा ते नगर: एका पहाटेचा घटनाक्रम

यातले आण्णा म्हणजे कुणी एक माणूस नव्हे. जुना मधुमेह आणि हृदयाच्या तिन्ही धमन्यांत ब्लॉक असलेल्या माणसाचं जसं बिनसत जातं, ते कड्यातल्या एका घरात घडतंय असं धरून लिहिलं आहे.

चौदा महिने आधी, नगर. अँजिओग्राफीत तिन्ही धमन्या ठिकठिकाणी अरुंद निघाल्या. डॉक्टर म्हणाले, बायपास करा. बाकावर बसलेल्या घरच्यांच्या कानात ‘छाती उघडायची’ एवढेच शब्द राहिले. दोन स्टेंट टाकून आण्णा तिसऱ्या दिवशी कड्याला परत.

मधुमेहात ब्लॉक एका जागी नसतो, धमनी लांबच्या लांब आजारी असते. स्टेंट तिचा दोन-तीन सेंटिमीटरचा तुकडा उघडा ठेवतो. बायपासमध्ये नवी वाट आजारी भागाच्या पुढे नेऊन जोडतात, म्हणून मागे उद्या आणखी एक ब्लॉक झाला तरी रक्त पोचतं. २०१२ साली ‘फ्रीडम’ चाचणीचे निष्कर्ष आले. एकाहून जास्त धमन्यांत ब्लॉक असलेले १,९०० मधुमेही रुग्ण त्यात होते. पाच वर्षांत स्टेंटच्या गटात १६.३ टक्के दगावले, बायपासच्या गटात १०.९ टक्के. बायपासनंतर पक्षाघात मात्र जास्त: ५.२ टक्के, स्टेंटनंतर २.४. एकाच धमनीत ब्लॉक असेल तर बहुधा स्टेंट पुरतो, आणि झटका चालू असताना अँजिओप्लास्टीच आधी. पण त्या दिवशी आण्णांना झटका आलेला नव्हता. अडचण पैशाचीही नव्हती: सरकारच्या महात्मा फुले जनआरोग्य योजनेत दोन्ही उपचार बसतात. घरी जाऊन चार जणांशी बोलायला आठवडाभराचा वेळ कुणी दिला नाही. माझ्या मते खरा घात तिथेच झाला.

आदल्या संध्याकाळी ६. बाजार समितीतून घरी चालत येताना दोनदा थांबावं लागलं. दम लागला, पण छातीत दुखलं नाही, म्हणून कुणाला सांगितलं नाही. जुन्या मधुमेहात हृदयाचं दुखणं कळवणाऱ्या नसा बधिर होऊ शकतात.

पहाटे ४.१०. समोरच्या मुख्य धमनीत, स्टेंटच्या पुढे, चरबीच्या थरावरचा पापुद्रा फाटला. त्यावर रक्ताची गुठळी धरली. धमनी बंद.

४.३०. वीसेक मिनिटांत हृदयाच्या स्नायूचा आतला थर मरायला लागतो. आण्णा घामाने ओलेचिंब. ‘अहो, साखर उतरली वाटतं,’ म्हणून बायकोने साखरपाणी दिलं. तिला दोष देणार नाही. साखर उतरली की हेच करायला शिकवलेलं असतं. आधी यंत्रावर मोजली असती तर चढलेली दिसली असती, आणि मग घाम कशाचा हा प्रश्न पडला असता.

५.४५. मळमळ. पित्त म्हणून ओवा, मग सोडा.

७.१०. तीन तास झाले. गुठळी विरघळवणारं इंजेक्शन बारा तासांपर्यंत देतात, पण सगळ्यात जास्त उपयोग या पहिल्या तीन तासांत.

७.५०. आण्णांना आडवं होता येईना. बसूनच श्वास. मुलगा म्हणाला, ‘आण्णा, उठा, दवाखान्यात जाऊ.’ ॲम्ब्युलन्ससाठी १०८ला फोन करायचं कुणीतरी सुचवलं. पण शेजाऱ्यांची गाडी दारातच उभी होती.

८.१०. कड्यातच ईसीजी निघाला. डॉक्टरांनी अॅस्पिरिन चावून खायला लावली आणि सांगितलं, ॲम्ब्युलन्स येऊ द्या, तिच्याशिवाय हलवू नका. बाहेर गाडी सुरूच होती. नगर पन्नासेक किलोमीटर, तासाभरात पोचू, असा हिशोब झाला.

८.३५. धानोरा मागे पडलं. आण्णा बोलत होते, कुणाला किती द्यायचे राहिलेत ते सांगत होते.

८.५५. चिचोंडी पाटीलच्या अलीकडे मान कलली. अशा वेळी हृदय बहुतेकदा लगेच निपचित पडत नाही. स्नायू नुसता थरथरतो, रक्त पुढे ढकलत नाही. विजेचा झटका दिला तर लय परत येऊ शकते; तो न मिळालेल्या प्रत्येक मिनिटागणिक वाचण्याची शक्यता सात ते दहा टक्क्यांनी घटते. तोवर छाती जोरात, भरभर दाबत राहायचं असतं. मागच्या सीटवर मुलगा ती चोळत होता. नगर अजून अर्ध्या तासावर.