साने गुरुजींचे पुस्तक दहा वर्षे कोणामुळे अडले?

१/ चंदनसारच्या आमच्या घरी माळ्यावरच्या पेटीत 'श्यामची आई'ची एक जुनी प्रत आहे. मुखपृष्ठ गेलेले, पाने पिवळी पडलेली. आज हे पुस्तक कोणालाही परवानगीशिवाय छापता येते, वाचून ध्वनिमुद्रित करता येते. ही मोकळीक १ जानेवारी २०११ रोजी मिळाली. वास्तविक ती २००१ सालीच मिळायची होती. मधल्या दहा वर्षांचा हा इतिहास.

२/ आरंभ कंपनी सरकारपासून करू. १८४७ च्या कायद्याने ग्रंथाला प्रकाशनापासून ४२ वर्षे, किंवा लेखकाचे आयुष्य आणि त्यापुढे ७ वर्षे, यांपैकी जी मुदत अधिक असेल ती दिली. जोतीराव फुले यांच्या 'गुलामगिरी'चे गणित मांडून पाहा. ग्रंथ १८७३ चा, जोतीरावांचे निधन १८९० मध्ये. निधनानंतरची सात वर्षे १८९७ ला संपतात, प्रकाशनानंतरची बेचाळीस १९१५ ला. म्हणजे त्या कायद्याच्या हिशेबाने मुदत १९१५ पर्यंतची.

३/ पुढे ब्रिटनचा १९११ चा कायदा आला आणि १९१४ मध्ये तो हिंदुस्थानास अनुरूप करून घेण्यात आला. मुदत झाली लेखकाच्या मृत्यूनंतर ५० वर्षे. मात्र येथे एक खास तरतूद होती. ब्रिटिश हिंदुस्थानात प्रथम प्रसिद्ध झालेल्या ग्रंथाच्या भाषांतराचा एकाधिकार सामान्यतः पहिल्या १० वर्षांपुरताच राही. बहुभाषिक देशात ग्रंथ एका भाषेत कोंडून राहू नये, याचे भान त्या तरतुदीत दिसते.

४/ स्वतंत्र भारताचा कायदा १९५७ चा. तो २१ जानेवारी १९५८ पासून अमलात आला. मृत्यूनंतरची ५० वर्षे कायम राहिली. मोजणी मृत्यूच्या पुढच्या वर्षाच्या १ जानेवारीपासून होते, म्हणून हक्क नेहमी ३१ डिसेंबरलाच संपतो.

५/ आता कथेचे वळण. रवींद्रनाथ ठाकूर १९४१ मध्ये वारले. त्यांच्या साहित्याचे हक्क विश्वभारतीकडे होते आणि ते ३१ डिसेंबर १९९१ ला संपणार होते. मुदत वाढावी अशी मागणी झाली. अवघे तीन दिवस उरले असताना, २८ डिसेंबरला अध्यादेश निघाला. १९९२ मध्ये त्याचा कायदा झाला. ५० ची ६० वर्षे झाली.

६/ निमित्त एका कवीचे. पण कायदा सर्वांना लागू! मराठीत त्याचा परिणाम पाहा. माधव जूलियन १९३९ मध्ये गेले, त्यांची कविता १९९० च्या आरंभी मुक्त झाली होती. संपलेला हक्क नव्या कायद्याने परत आला नाही. भा. रा. तांबे मात्र रवींद्रनाथांच्याच वर्षी, डिसेंबर १९४१ मध्ये गेले. त्यांची कविता २००२ पर्यंत थांबली. दोन कवींच्या मृत्यूंत अंतर दोन वर्षांचे, मुक्ततेत बारा वर्षांचे. साने गुरुजी ११ जून १९५० ला गेले. त्यांची दहा वर्षे गेली ती येथेच.

७/ याहून गुंतागुंतीचे उदाहरण डॉ. बाबासाहेब आंबेडकरांचे. निधन ६ डिसेंबर १९५६. त्यांच्या हयातीत प्रसिद्ध झालेले, १९३६ चे 'ॲनिहिलेशन ऑफ कास्ट' १ जानेवारी २०१७ पासून सर्वांचे झाले. परंतु लेखकाच्या मृत्यूनंतर प्रथम प्रसिद्ध झालेल्या लेखनाची ६० वर्षे प्रकाशनापासून मोजतात. 'रिडल्स इन हिंदुइझम' महाराष्ट्र शासनाच्या ग्रंथमालेत १९८७ मध्ये प्रथम छापले गेले. त्याची मुदत २०४७ अखेरपर्यंत. लेखक एकच, ग्रंथ दोन, अंतर ३१ वर्षांचे.

८/ लेखकाच्या कुटुंबाला त्याच्या श्रमाचे मोल मिळावे, हे न्याय्यच आहे. हयातभर ओढाताण सोसलेल्या लेखकाच्या मागे वारसांना चार पैसे मिळाले तर कोणाची तक्रार असणार? पण मोजक्या लोकप्रिय पुस्तकांसाठी वाढवलेली मुदत हजारो विस्मृत पुस्तकांनाही बांधून ठेवते. त्यांची नवी आवृत्ती निघत नाही, वारस सापडत नाहीत, आणि परवानगी कोणाकडे मागावी हेच कळत नाही. कायद्याची मुदत संपेपर्यंत कागद टिकेल, याची हमी कोण देणार?

९/ म्हणून गावातल्या ग्रंथालयात एखादे जुने पुस्तक हाती आले, तर लेखकाचे मृत्युवर्ष शोधा, ते हयातीत छापले गेले का ते पाहा आणि ६० मिळवा. अलीकडची प्रस्तावना, टीपा किंवा अनुवाद असेल तर त्यांचा हक्क स्वतंत्र असतो, तोही तपासा. मुदत संपली असेल तर पाने जपून उघडा, स्कॅन करा, लेखकाचे नाव ठळक ठेवा आणि सर्वांसाठी खुले करा. माळ्यावरची आमची प्रत वाळवीच्या आधी माझ्या हाती लागली. प्रत्येक पुस्तकाचे दैव तसे नसते.