पाळणाघराचा खर्च कोणी उचलायचा?

1920 च्या दशकात मुंबईच्या गिरण्यांत दर पाच कामगारांमागे साधारण एक बाई होती. सकाळी भोंगा झाला की ती खोलीतून बाहेर पडायची. तान्ह्या मुलाला सांभाळायला घरी म्हातारी सासू नाहीतर मोठी मुलगी असली तर ठीक. नसली तर निघण्यापूर्वी मुलाच्या तोंडात बाळागोळी जायची. ही गोळी अफूची. ती घेतलेले मूल दिवसभर झोपून राही, भुकेनेही रडत नसे. मुंबई सरकारने गिरणीतल्या बायकांच्या पाहणीसाठी नेमलेल्या डॉ. बार्न्स या स्त्री-डॉक्टरांनी 1922 च्या सुमारास नोंदवले की या बायकांच्या 98 टक्के तान्ह्या मुलांना अफू दिली जाते. पाळणाघर नसलेल्या शहरात मूल सांभाळण्याची ही रीत होती आणि तिचा खर्च मूल स्वतःच्या शरीरातून चुकता करीत होते.

काही गिरणीमालकांनी आवारात पाळणाघरे काढली, पण ती थोडी होती. मालकाच्या मर्जीवर चालणाऱ्या सोयीला भरवसा नसतो, हे कामगारांच्या पुढाऱ्यांना लवकर कळले. मग प्रश्न पैशाचा आला. 1928 च्या जुलैमध्ये मुंबई कायदेमंडळात प्रसूतिलाभाच्या विधेयकावर डॉ. बाबासाहेब आंबेडकर बोलले. आईला बाळंतपणाच्या आधी आणि नंतर विश्रांती मिळणे हे राष्ट्राच्या हिताचे आहे, म्हणून या खर्चाचा मोठा भार सरकारने उचलला पाहिजे, असे त्यांचे म्हणणे होते. सरकार तयार नव्हते. बाईच्या श्रमाचा फायदा मालकाला मिळतो, तेव्हा निदान त्याने तरी भार घ्यावा, म्हणून त्यांनी विधेयकाला पाठिंबा दिला. 1929 मध्ये कायदा झाला आणि पैसे मालकाच्या खिशातून यायचे ठरले. पुढे पाळणाघरांच्या बाबतीतही हाच रस्ता धरला गेला. बाबासाहेबांचा मूळ मुद्दा बाजूला पडला, याची किंमत पुढे बायकांनी फार मोजली.

1948 च्या कारखाने कायद्याने 50 हून अधिक बायका असलेल्या कारखान्याला सहा वर्षांखालच्या मुलांसाठी पाळणाघर सक्तीचे केले. 1976 मध्ये हा आकडा 30 वर आणला. मळ्यांसाठी 1951 चा, विडी कामगारांसाठी 1966 चा कायदा आला. हेतू चांगलाच होता, पण मोजणी बायकांची होती. तिसावी बाई कामावर घेतली आणि मग एकतिसावी आली की खर्च वाढणार, हे दिसत असताना पुष्कळ मालकांनी एकतिसावी घेतलीच नाही. कुणी हजेरीपट बेतले, कुणी बायकांना कंत्राटदाराच्या नावावर दाखवले. गिरण्यांतले बायकांचे प्रमाण घसरत गेले, त्यामागे रात्रपाळीची बंदी होती, नवी यंत्रे होती. बाई म्हणजे जादा खर्च हा हिशेबही होता. ही मोजणी मोडायला 2017 साल उजाडले. त्या वर्षी प्रसूतिलाभ कायद्यात दुरुस्ती होऊन पुरुष-स्त्रिया मिळून 50 कर्मचारी असले तरी पाळणाघर द्यावे लागेल, असे ठरले.

दुसरा पैसा देणगीचा. कस्तुरबा गांधी 1944 मध्ये आगाखान पॅलेसमध्ये कैदेतच गेल्या. त्यांच्या स्मृतीसाठी 75 लाख रुपये जमवायचे ठरले. जमले त्याहून कितीतरी अधिक, एक कोटीच्या वर. हा निधी खेड्यातल्या बायका-मुलांसाठी होता. 1945 मध्ये बोरिवलीला कस्तुरबा ट्रस्टचे प्रशिक्षण शिबिर भरले आणि तिथे बालविधवा असलेल्या, शिक्षिकेची नोकरी करणाऱ्या अनुताई वाघ यांची गाठ ताराबाई मोडकांशी पडली.

ताराबाईंनी 1936 मध्ये दादरला शिशुविहार काढला होता. तिथे पालक फी देऊ शकत. पण फीवर चालणारी बालशाळा फी देणाऱ्यांच्याच मुलांची राहते, हे त्यांना खुपत होते. 1945 च्या अखेरीस त्यांनी डहाणूजवळच्या बोर्डीला ग्राम बाल शिक्षा केंद्र सुरू केले आणि अनुताई सोबत गेल्या. गावात बालवाडी उघडली, तरी दलित वस्तीतली आणि वारल्यांची मुले येईनात. तेव्हा बाई वस्तीत गेल्या.

तिथे कुणाचे तरी अंगण झाडून घेतले जाई. मुलांना आंघोळ घालायची, नखे कापायची, केस विंचरायचे, मग गाणी आणि खेळ. माँटेसरीची घोटीव लाकडी साधने परवडण्यासारखी नव्हती, म्हणून शिंपले, गोटे, चिंचोके, पाने, बिया अशी गावातच मिळणारी साधने जमवली. अंगणात भरते ती अंगणवाडी. मुलाला शाळेत येता येत नसेल तर शाळेने मुलाकडे जायचे, हा ताराबाईंचा आग्रह. पैसा कमी होता म्हणून कल्पना लहान झाली नाही, उलट ती कुठल्याही खेड्यात रुजेल अशी झाली. पुढे केंद्र कोसबाडच्या टेकडीवर गेले आणि तिथे गुरे राखणाऱ्या मुलांसाठी कुरणशाळाही निघाली. तरी अंगण फुकट मिळाले म्हणून बाईचा पगार फुकट होत नाही. तो दरमहा उभा करावाच लागतो.

त्यासाठी सरकारी अनुदानाची वाट 1953 मध्ये मोकळी झाली. दुर्गाबाई देशमुख यांच्या अध्यक्षतेखाली केंद्रीय समाजकल्याण मंडळ स्थापन झाले आणि पहिल्या पंचवार्षिक योजनेत स्वयंसेवी संस्थांना मदतीसाठी चार कोटी रुपये ठेवले गेले. देशभरच्या लहान संस्थांना प्रथमच बालवाडीसाठी सरकारकडे अर्ज करता येऊ लागला. अर्जाबरोबर नोंदणीचा दाखला, तपासलेले हिशेब, संस्थेने स्वतः उभा करायचा वाटा या गोष्टी आल्या. बाई मुलांना सांभाळणार, चिटणीस पावत्या सांभाळणार आणि हप्ता उशिरा आला की दोघांनीही गावातल्या दुकानदाराकडे उधारी मागायची, अशी घडी बसली ती कायमची.

या घडीत न बसणारी मुले दिल्लीत मीरा महादेवन यांना दिसली. 1969 मध्ये राजघाटाजवळ गांधी जन्मशताब्दीच्या निमित्ताने बांधकाम चालू होते. आया विटा-माती वाहत होत्या, मुले उन्हात खडीच्या ढिगाशेजारी पडलेली. त्यांनी तिथेच तंबू ठोकून पाळणाघर सुरू केले. मोबाइल क्रेशेस या संस्थेची ही सुरुवात. इमारत पूर्ण झाली की मजूर हलणार, त्यांच्याबरोबर पाळणाघरही. पुढे हे काम मुंबई-पुण्यातल्या बांधकामांवर आले. खर्च देणग्यांतून, थोडा सरकारकडून आणि थोडा बिल्डरला पटवून. एका खिशावर विसंबायचे नाही, हा धडा या संस्थेने लवकर गिरवला.

2 ऑक्टोबर 1975 रोजी देशात एकात्मिक बालविकास सेवा योजना सुरू झाली आणि ताराबाईंचा अंगणवाडी हा शब्द सरकारी झाला. आहार, लसीकरण, पूर्वशिक्षण सारे त्यात आले. पण अंगणवाडी काही तासांची. शेतावर, बांधकामावर, विडीच्या कारखान्यात आठ तास राबणाऱ्या आईला ती पुरत नाही. त्यासाठी पाळणाघरांची वेगळी योजना त्याच सुमारास निघाली. 1994 मध्ये 19.90 कोटी रुपयांचा राष्ट्रीय पाळणाघर निधी उभारून त्याच्या व्याजावर केंद्रे चालवण्याचे ठरले. 2006 मध्ये दोन्ही एकत्र करून राजीव गांधी राष्ट्रीय पाळणाघर योजना झाली.

या योजनेचा हिशेब जवळून पाहण्यासारखा आहे. एका पाळणाघरात 25 मुले आणि दोन बाया. प्रत्येकीला महिन्याला मानधन 1,000 रुपये. पोषण आहारासाठी दर मुलामागे दिवसाला 2.08 रुपये. म्हणजे 25 मुलांच्या खाण्याला दिवसाचे 52 रुपये! त्यातही मानधन सोडून बाकीच्या खर्चाचा काही भाग संस्थेने घालायचा. जिला सगळे बाई म्हणतात, जी दिवसभर दुसऱ्यांची मुले कडेवर घेते, तिच्या कामाचे मोल शेतमजुरीपेक्षाही कमी धरले गेले. अनुदानाचे कागद कितीही सुबक असोत, ही बाब लाजिरवाणी आहे.

2017 मध्ये योजना राज्यांकडे गेली, केंद्र 60 टक्के, राज्य 30 टक्के आणि संस्था 10 टक्के या वाट्याने. कोणी किती द्यायचे यात हप्ते अडकले, संस्था थकल्या. देशात 20 हजारांवर असलेली पाळणाघरे 2020 पर्यंत सात हजारांच्या खाली आली. 2022 पासून ‘पाळणा’ या नावाने अंगणवाडीलाच पाळणाघर जोडण्याचा प्रयत्न चालू आहे.

आणि पैसा मुळात नाहीच, असेही म्हणता येत नाही. 1996 मध्ये बांधकाम कामगारांसाठी कायदा झाला. 50 हून अधिक बायका असलेल्या बांधकामावर पाळणाघर सक्तीचे झाले आणि बांधकामखर्चावर एक टक्का उपकर बसला. हा पैसा कामगार कल्याण मंडळांकडे जमा होत गेला. 2018 च्या मार्चमध्ये सर्वोच्च न्यायालयाने हिशेब पाहिला, तेव्हा सुमारे 37,400 कोटी रुपये गोळा झाले होते आणि खर्च झाले होते 9,500 कोटींच्या आसपास. त्याआधी याच निधीतून लॅपटॉप आणि धुलाई यंत्रे खरेदी झाल्याचेही न्यायालयापुढे आले होते.

नव्या इमारतीत घर नोंदवणाऱ्या प्रत्येकाने बिल्डरच्या कचेरीत पार्किंग आणि पाण्याबरोबर आणखी एक गोष्ट विचारावी: हे घर बांधणाऱ्या बायांची मुले दिवसभर कुठे असतात?