निरलंकार स्तूप आणि शैलगृह

आरंभीच्या लेण्यांतील स्तूप साधे आहेत, कारण त्या काळी शिल्पकला बाल्यावस्थेत होती, असे मत अनेकदा मांडले जाते. हे मत आम्हांस ग्राह्य वाटत नाही.

कार्ले येथील चैत्यगृहाचेच उदाहरण घेऊ. दर्शनी भिंतीवर दांपत्यशिल्पे आहेत, स्तंभशीर्षांवर हत्तींवर आरूढ युगुले आहेत. परंतु स्तूपामागील अर्धवर्तुळातील 7 स्तंभ कोरे, अष्टकोनी आहेत आणि स्तूपावर वेदिकापट्टीखेरीज नक्षी नाही. ज्यांनी हत्ती कोरले त्यांना स्तूप सजविणे अशक्य नव्हते. तेथील साधेपणा हा विचारपूर्वक घेतलेला निर्णय होय.

इ.स.पू. दुसऱ्या शतकातील भाजे येथे हा विचार अधिक स्पष्ट होतो. आत कललेल्या 27 अष्टकोनी स्तंभांच्या टोकाशी असलेला स्तूप बाहेरून आणून बसविलेला नाही. भोवतीचा खडक काढून टाकताना तो राखला गेला. सभागृह आणि स्तूप एकाच कृतीतून निर्माण झाले. प्रदक्षिणेसाठी मागील बाजू अर्धवर्तुळाकार ठेवावी लागली. म्हणजे वास्तूचा आराखडाच स्तूपाने ठरविला. येथे शिल्प कोठे संपते आणि वास्तू कोठे सुरू होते, हे सांगता येत नाही.

महापरिनिब्बानसुत्तात तथागतांचा थूप चार महामार्गांच्या चौकात उभारावा, असे सांगितले आहे. तेथे वंदन करून चित्त प्रसन्न करणाऱ्यांस त्यापासून दीर्घकाळ हितसुख लाभते. स्तूपाचे प्रयोजन चित्तप्रसाद हे आहे. भरीव, निरलंकार स्तूपाला पुढची-मागची बाजू नसते. उपासकाने त्याच्याभोवती चालावे, हेच त्याचे आवाहन.

अजिंठ्याच्या 19 व 26 क्रमांकांच्या लेण्यांत, पाचव्या शतकात, स्तूपावर बुद्धमूर्ती आली. यास आम्ही ऱ्हास म्हणत नाही. मात्र त्यामुळे स्तूपाला दर्शनी बाजू प्राप्त झाली आणि दृष्टी तेथे स्थिरावू लागली.

नागपूरच्या दीक्षाभूमीवर, जेथे 14 ऑक्टोबर 1956 रोजी बोधिसत्त्व डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी धम्मदीक्षा घेतली व दिली, तेथील स्तूपाचे उद्घाटन 2001 साली झाले. हा स्तूप आतून पोकळ आहे. प्राचीन स्तूप भरीव असे, त्यात प्रवेश नसे. ज्या समाजाला देवळांच्या दारांवरून परतविले गेले, त्याच्या स्तूपाला चारही दिशांना दारे आहेत. घुमटाचा साधा आकार तोच राहिला. बदलले ते वास्तूशी माणसाचे नाते. म्हणूनच भाज्याच्या कोऱ्या दगडाला अप्रगत म्हणणे इतिहासास धरून नाही.