नवी मुंबईतील पुनर्वसन आणि ग्रामसमाज

नवी मुंबई शहर, जवाहरलाल नेहरू बंदर आणि विमानतळ यांसाठी झालेल्या भूसंपादनामुळे ठाणे व रायगड जिल्ह्यांतील गावांची उपजीविका, वस्ती आणि समाजरचना यांत घडून आलेले बदल. येथील विस्थापन दोन प्रकारचे आहे. बहुसंख्य गावांची शेती गेली, पण घरे जागेवर राहिली. बंदराजवळील शेवा परिसर व विमानतळ क्षेत्रातील गावांना घरेही सोडावी लागली.

पार्श्वभूमी : मुंबईवरील भार हलका करण्यासाठी खाडीपलीकडे नवे शहर वसवावे, ही कल्पना चार्ल्स कोरिया, प्रवीणा मेहता व शिरीष पटेल यांनी १९६५ मध्ये मांडली. त्यासाठी १७ मार्च १९७० रोजी सिडको (शहर व औद्योगिक विकास महामंडळ) या संस्थेची स्थापना झाली. ठाणे, पनवेल व उरण तालुक्यांतील ९५ गावे आणि सुमारे ३४४ चौ. किमी. क्षेत्र प्रकल्पात आले. गावांत मुख्यतः आगरी, कोळी व कराडी समाजांची वस्ती होती. पावसाळ्यात खारजमिनीतील भात, उन्हाळ्यात मिठागरे आणि त्यांच्या जोडीला खाडीतील मासेमारी अशी कामांची सांगड होती. १८९४ च्या भूसंपादन कायद्याने जमिनी घेताना मोबदला रोख ठरला.

लढा आणि साडेबारा टक्के : मोबदल्याच्या प्रश्नावर शेतकरी कामगार पक्षाचे नेते दि. बा. पाटील (१९२६–२०१३) यांच्या नेतृत्वाखाली मोठे आंदोलन उभे राहिले. १६ व १७ जानेवारी १९८४ रोजी उरण तालुक्यातील दास्तान फाटा व नवघर येथे पोलिसांच्या गोळीबारात पाच आंदोलक हुतात्मा झाले. १९९० मध्ये संपादित जमिनीच्या साडेबारा टक्के विकसित भूखंड देण्याचे धोरण शासनाने स्वीकारले. त्यातून सार्वजनिक सुविधांसाठी ३० टक्के कपात होत असल्याने हाती पावणेनऊ टक्के येतात. तरीही शहरीकरणाने वाढलेल्या जमीनमूल्यात मूळ मालकाचा वाटा यामुळे प्रथमच मान्य झाला.

उपजीविका व कुटुंब : शेतीची जागा नोकरी, बांधकामाची कंत्राटे, वाहतूक आणि घरभाडे यांनी घेतली. विकसनाचे भांडवल नसलेल्यांनी भूखंड बिल्डरांना विकले किंवा त्यांच्याशी भागीदारीचे करार केले. भूखंडाला भाव आल्याने सातबाऱ्यावरील वारसनोंदींना नवे महत्त्व आले आणि भावंडांतील वाटण्या कोर्टात गेल्या. आवणी, कापणी व मिठागरांतील मजुरी संपल्याने स्त्रियांच्या स्वतंत्र मिळकतीची एक वाट बंद झाली.

गावठाण : जागेवर राहिलेली गावे नियोजित शहराच्या उपनगरांनी वेढली गेली. कुटुंबे वाढली, पण गावठाणाची हद्द वाढली नाही. लोकांनी लगतच्या संपादित जमिनीवर घरे बांधली. कागदोपत्री ती अतिक्रमणे ठरली, तर गावकऱ्यांनी त्यांना ‘गरजेपोटी बांधलेली घरे’ म्हटले. ती नियमित करण्याची मागणी वर्षानुवर्षे चालू आहे.

घरांसह स्थलांतर : जवाहरलाल नेहरू बंदरासाठी (कार्यारंभ १९८९) शेवा कोळीवाड्याचे पुनर्वसन उरणजवळ हनुमान कोळीवाडा येथे झाले. तेथील घरांना वाळवी लागली आणि पुन्हा पुनर्वसनाची मागणी करण्याची वेळ रहिवाशांवर आली. पुढे विमानतळासाठी चिंचपाडा, कोल्ही, कोपर, उलवे, तरघर, कोंबडभुजे, गणेशपुरी आदी दहा वस्त्यांना हलावे लागले. त्यांच्यासाठी २०१४ मध्ये साडेबावीस टक्के विकसित भूखंडांची योजना आली. पुष्पकनगर हे नवे वसाहतक्षेत्र आखण्यात आले. शाळा व ग्रामदैवतांची मंदिरे नव्या ठिकाणी बांधावी लागली. एकाच आळीतली घरे विखुरल्याने गावकीचे व्यवहार सैलावले. विमानतळाचे उद्घाटन ८ ऑक्टोबर २०२५ रोजी झाले.

मूल्यमापन : रोख रकमेपासून विकसित भूखंडापर्यंत मोबदला वाढत गेला, पण त्याचे मुख्य माप सातबारा हेच राहिले. त्यामुळे ज्याच्या नावावर जमीन, त्याला वाटा मिळाला. मिठागरातला मजूर, भूमिहीन आणि खाडीवर जगणारा मच्छीमार मागे राहिला. मात्र राष्ट्रीय हरित लवादाने २०१५ मध्ये उरण–पनवेल परिसरातील १,६३० मच्छीमार कुटुंबांना सुमारे ९५ कोटी १९ लाख रुपये भरपाई देण्याचा आदेश दिला. त्यात हक्काचा आधार जमिनीची मालकी नसून खाडीतील पारंपरिक मासेमारी हा होता.