जंगलातला मासा मूळचा कोण?

अमेरिकेतलं बाउंडरी वॉटर्स म्हणजे मिनेसोटाच्या उत्तर सीमेवरचं, हजारावर तळ्यांचं जंगल. वसंतात बर्फ वितळला की लोक होड्या वल्हवत तिथं स्मॉलमाउथ बास पकडायला जातात. पण मंडळी, गंमत बघा, तिथल्या बहुतेक तळ्यांत हा मासा मूळचा नाहीच! गळ टाकणाऱ्या शौकिनांसाठी विसाव्या शतकात माणसांनीच तो सोडला. तो लहान मासे फस्त करतो आणि लेक ट्राउटच्या तोंडचा घास जातो. १९६४ च्या कायद्याने जंगलाला संरक्षण मिळालं, तोवर बास तिथं मुरला होता.

म्हणून मी म्हणतो, गावतळ्यात मत्स्यबीज सोडायचं ठरलं की आधी विचारा, ‘कोणता मासा?’ सोडलेला मासा परत बोलावता येत नाही.